पुंजाबाबांच्या लग्नाची तारीख

"बाबा, मार्चपासून मी आणि धनेश एकाच घरात राहणार आहोत," करिष्मा म्हणाली आणि तिनं नागलीच्या भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

देवानंद यांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, लग्नाचं ठरलं एकदाचं. धनेश त्यांना माहीत होता. मुलगा मोखाड्याकडचाच, नाशिकला करिष्माच्याच लॅबमध्ये कामाला, स्वभावानं गरीब, आणि मुख्य म्हणजे त्याचे शाळेपासूनचे सगळे दाखले जागच्या जागी होते. हे शेवटचं देवानंद यांनी गेल्या दिवाळीत फराळाच्या निमित्तानं स्वतः तपासलं होतं. म्हणून त्यांनी समाधानानं विचारलं, "मग तारीख कुठली धरायची? एप्रिल बरा पडेल."

"तारीख नाही बाबा. आधी वर्षभर राहून बघणार. जमलं तर मग लग्न."

देवानंद यांनी चष्मा काढला आणि बनियनच्या टोकानं पुसला. ही त्यांची जुनी सवय होती. धक्का बसला की ते आधी चष्मा पुसत, म्हणजे पुन्हा लावल्यावर समोर काहीतरी वेगळं दिसेल अशी त्यांना आशा असे. त्यांनी चष्मा लावला. करिष्मा तशीच समोर बसली होती आणि आईकडे चटणी मागत होती.

देवानंद जव्हारला एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या टेबलावरून एकही अपुरा कागद पुढे सरकला नव्हता. लोक त्यांना मानत, म्हणजे शक्यतो दुसऱ्या टेबलाकडे जात. खोडाळ्यापलीकडच्या बोरीच्या पाड्यावरचा हा पहिला सरकारी नोकर. आश्रमशाळेत शिकले, जव्हारला घर बांधलं, नाव कमावलं. अशा माणसाच्या मुलीनं लग्नाशिवाय बिऱ्हाड थाटायचं म्हणजे जोडपत्रं न लावता थेट मंजुरी घेतल्यासारखं होतं.

"करिष्मा," ते शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, "आपल्या घराण्यात हे असलं कधी झालेलं नाही. तुझ्या आजा-आजीकडे बघ. साठ वर्षांचा संसार. का टिकला? लग्नाचं बंधन होतं म्हणून टिकला."

करिष्मानं आईकडे बघितलं. चंदाबाईंनी तव्याकडे बघितलं. तव्यावर त्या वेळी काही नव्हतं, पण देवानंद यांच्या ते लक्षात आलं नाही.

"आजीला विचारलंय मी," करिष्मा म्हणाली. "ती म्हणाली, राहून बघ."

"आजीला काय कळलंय ते! तिला वाटलं असेल, तू हॉस्टेल बदलतेयस."

विषय तिथंच संपायचा, पण देवानंद यांच्या आणि हरेश गुरुजींच्या घरांमध्ये एकच भिंत होती आणि ती फार जाड नव्हती. हरेश गुरुजी निवृत्त शिक्षक. त्यांना सात व्हॉट्सॲप ग्रुप आणि भरपूर वेळ होता. दुपारी ते साखर मागायला म्हणून आले आणि साखर न घेताच बसले.

"नव्या पिढीला उपदेश करायचा नसतो, रावसाहेब. तिच्यासमोर आदर्श उभा करायचा असतो," ते म्हणाले. "तुमच्या आईवडिलांच्या लग्नाला साठ वर्षं झाली ना? मग करा हीरकमहोत्सव. पाड्यावर मांडव घाला, सत्कार करा. तुमच्या साहेबांना अध्यक्ष करा. ती साठ वर्षांची जोडी बघितली की पोरगी आपोआप सरळ होते की नाही बघा."

देवानंद यांना कल्पना आवडली. ती पूर्ण आवडून व्हायच्या आत गुरुजींनी सातही ग्रुपवर 'आदर्श दांपत्य हीरकमहोत्सवी सोहळा, फेब्रुवारीचा दुसरा रविवार' असं टाकून दिलं होतं आणि त्याखाली हात जोडलेली चित्रं यायला लागली होती. इथून पुढे जे झालं त्याला देवानंद आजही 'प्रकरण' म्हणतात.

पत्रिका छापणाऱ्यानं पहिली अडचण काढली. "मूळ लग्नाची तारीख टाका. त्याशिवाय हीरक कसा कळणार?"

देवानंद यांनी वडिलांना फोन लावला. पुंजाबाबांचा मोबाइल आंब्याखालच्या खडकावर ठेवलेला असे, कारण पाड्यावर रेंज त्या खडकावरच मिळे. बऱ्याच वेळानं कुणीतरी तो उचलून त्यांच्या कानाला लावला.

"बाबा, तुमचं लग्न कधी झालं?"

पलीकडे एक कोंबडा आरवला.

"कवाचा काय?" पुंजाबाबा म्हणाले.

"लग्न. तुमचं आणि आईचं. तारीख हवीय."

"गोदी आली तवा नागलीची लावणी चालू होती," पुंजाबाबा म्हणाले आणि रेंज गेली. निदान देवानंद यांना तेव्हा तसं वाटलं.

नागलीची लावणी म्हणजे भर पावसाळा. भर पावसात कोण लग्न करतं, हा प्रश्न त्यांच्या मनात आला होता. पण छापणारा घड्याळाकडे बघत होता, साहेबांनी यायचं कबूल केलं होतं, आणि देवानंद यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पुराव्याशिवाय तारीख लिहून दिली. सरूताईचं, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचं वय एकोणसाठ, त्याच्या आधी एक वर्ष, महिना फेब्रुवारी. दोनशे पत्रिका छापल्या. दोनशे वाटल्या. वरच्या बाजूला दोन मोर होते.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र ती तारीख त्यांना टोचायला लागली. हा कागद त्यांच्या टेबलावर आला असता तर त्यांनी तो परत पाठवला असता. मग त्यांच्या मनात आलं की आईवडिलांच्या लग्नाची रीतसर नोंदणी करून घ्यावी, ते प्रमाणपत्र मोठं करून चौकटीत बसवावं आणि व्यासपीठावर करिष्माच्या डोळ्यांसमोर टांगावं. साठ वर्षांनी नोंदणी करायला कायद्यानं हरकत नव्हती. या विचारानं त्यांना चांगली झोप लागली. पुढच्या पंधरा दिवसांतली तेवढीच.

पाड्याच्या ग्रामपंचायतीत ग्रामसेविका होती कविता. तिशीची, डोळ्यांत तरतरी असलेली मुलगी. तिनं खुर्ची दिली, चहा मागवला, अर्ज वाचला आणि नम्रपणे बाजूला ठेवला.

"सर, लग्न लावणाऱ्याची सही नाही. लग्नाचा फोटो नाही. पत्रिका आहे ती या महिन्यात छापलेली आहे."

"अहो, साठ वर्षांपूर्वी पाड्यावर फोटो कोण काढणार?"

"बरोबर आहे, सर. आणि आईंच्या आधारकार्डावर जन्मतारीख एक जानेवारी एकोणीसशे बासष्ट आहे. तुमचा जन्म अडुसष्टचा. म्हणजे आई तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. सरूताई तर त्यांच्याहून फारच थोड्या लहान होतात."

पाड्यावर सगळ्यांचाच जन्म एक जानेवारीचा होता. वर्ष ज्यानं फॉर्म भरला त्याच्या अंदाजानं. गोदाबाईंचा, म्हणजे आईचा, फॉर्म कुणी भरला होता, हे देवानंद यांच्याच वळणदार अक्षरावरून दिसत होतं. कवितानं तो कागद त्यांच्यासमोर ठेवला नाही, तिनं तो नुसता हातात धरला.

"मी बारा वर्षांपूर्वी तुमच्या खिडकीवर आले होते, सर," ती म्हणाली. "रहिवासी दाखल्यासाठी. एक झेरॉक्स कमी होती. तुम्ही म्हणालात, एक कागद कमी असला तरी फाइल परत. ते मी अजून लक्षात ठेवलंय. तुमच्यामुळे मला शिस्त लागली."

देवानंद यांना यावर रागावताही येईना. त्यांनी चहा संपवला.

"लग्न कुणी लावलं होतं?" कवितानं विचारलं. "धवलेरी असेल ना? तिची सही किंवा अंगठा आणा. बाकीचं बघू."

धवलेरी म्हणजे पाड्यावरचं लग्न लावणारी बाई. भटजी इथं नवे, धवलेरी जुनी. ती मांडवात बसून रात्रभर लग्नाची गाणी म्हणते, देवांना नावानिशी बोलावते, आणि ती म्हणेल तेव्हाच लग्न लागतं. या भागातली सगळ्यात जुनी धवलेरी म्हणजे रामी. वय कुणालाच माहीत नाही, आधारकार्डाप्रमाणे एक जानेवारी. तिच्या आधी तिची सासू हे काम करायची आणि रामी लहान वयापासून तिच्या मागे बसायची. कुठलं लग्न कुठल्या साली, जेवणाला काय होतं, कोण रुसलं होतं, हे सगळं तिला तोंडपाठ होतं.

रामी अंगणात मोहाची फुलं वाळवायच्या जागेला शेणाचा हात फिरवत होती. देवानंद यांनी अर्ज पुढे केला आणि अंगठा कुठे उठवायचा ते दाखवलं.

"कोनाचा लगीन?" रामीनं विचारलं.

"माझ्या आईवडिलांचं. पुंजा आणि गोदा."

रामी हात थांबवून त्यांच्याकडे बघत राहिली.

"तो आम्ही लावलाच नाय," ती म्हणाली.

"मग कुणी लावलं?"

"कोनीच नाय. पुंजा गोदीला मोखाड्याचे बोहाड्याचे जत्रेत बघला. पावसात ती त्याचे घरी आली न् राहली. लगीन लावाचा राहला."

देवानंद यांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल सापडेना. पायजम्याच्या खिशात, सदऱ्याच्या खिशात, कुठेच नाही. त्यांनी चष्मा तसाच परत लावला आणि रामी तशीच समोर होती.

"राहिलं म्हणजे? साठ वर्षं?"

"राहताच की. पाड्यावर किती जनांचा राहतं. मंग पोराचे लगनात त्याच मांडवात आधी आयबापाचा लावतं, न् मंग पोराचा." रामी थांबली. तिनं त्यांच्याकडे जरा दयेनं बघितलं. "तू तं तुझा जव्हारला हालमधी लावलास. भट आनून. मला कोनी बोलवला नाय."

"त्याचं काय?"

"बापाचा राहला असल तं पोराचा लागत नाय. तुझापन कच्चाच हाय."

खोडाळ्याहून जव्हारला परत येणाऱ्या जीपमध्ये चौदा माणसं होती आणि त्यांतले एक देवानंद, वय सत्तावन्न, रामीच्या हिशेबानं अविवाहित. शेजारच्या बाईच्या मांडीवरची कोंबडी त्यांच्याकडे रोखून बघत होती. एरवी त्यांनी जीपवाल्याला क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी घेतल्याबद्दल चार शब्द सुनावले असते. आज आपल्याला तो अधिकार आहे की नाही याची त्यांना खात्री वाटेना. लग्नाशिवाय राहणाऱ्या आईवडिलांच्या पोटी आपण जन्मलो, लग्नाशिवाय राहून एक मुलगी वाढवली आणि तिलाच लग्नाच्या बंधनावर भाषण दिलं, हा सगळा मजकूर त्यांच्या डोक्यात एका खाली एक मांडला जात होता.

घरी आल्यावर त्यांनी दार लावलं, खिडकी लावली आणि भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये अशा आवाजात बायकोला सांगितलं. चंदाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी निवडणं थांबवलं नाही.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"आपल्या लग्नाच्या आदल्या दिवसापासून. आईंनी सांगितलं होतं."

"आणि सरूताईला?"

"सगळ्या पाड्याला माहीत आहे. करिष्मालाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण तुम्ही कागद मागितला असतात."

देवानंद खाटेवर बसले. त्या दिवशी बसलेल्या धक्क्यांमध्ये हा सगळ्यात मोठा होता.

"आपल्या हळदीच्या दिवशी आई कुठे होत्या, आठवतंय?" चंदाबाईंनी विचारलं.

त्यांना आठवलं. हॉलमागे, भाताच्या मोठ्या पातेल्याजवळ, डोळ्यांत धूर जात असताना. ते चिडून तिथं गेले होते. नव्या सरकारी नोकराच्या लग्नाला कचेरीतली माणसं आली होती आणि आई पुढे यायला तयार नव्हती. "निदान फोटोत तरी ये," असं ते तिला बोलले होते. ती आली नव्हती. हळद सहकाऱ्याच्या बायकोनं लावली. देवानंद यांनी धरलं होतं की आई शहराला लाजते, आणि त्यांना तिची लाज वाटली होती.

"ज्या बाईचं स्वतःचं लगीन लागलेलं नाही, तिनं दुसऱ्याला हळद लावायची नसते," चंदाबाई म्हणाल्या. "भिंतीवर पिठानं मांडवाचा चौक लिहायचा नसतो. पाड्यावरच्या प्रत्येक लग्नात आई चुलीशीच असतात. तुम्ही कधी बघितलंच नाही." मग त्यांनी तांदळातला एक खडा बाजूला काढला.

देवानंद त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि पाड्यावर गेले. पुंजाबाबा अंगणात बसून टोपलीला बांबूच्या काड्या घालत होते.

"बाबा, तुम्ही लग्न का केलं नाही?"

"राहला," पुंजाबाबा म्हणाले.

"राहिलं कसं?"

पुंजाबाबांनी आठवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. पहिल्या वर्षी भात गेलं. दुसऱ्या वर्षी सरू पोटात. मग त्यांचा बाप वारला. मग सगळा पाडा वसईकडे वीटभट्टीवर गेला. मग देवा आश्रमशाळेत गेला आणि सुट्टीला घरी आला तर नखं कापून, भांग पाडून, आईला 'स्वच्छता' शिकवायला लागला. "मंग तू सायब झालास. तुझे लगनात सांगाचा होता, बाबा, आधी आमचा लाव. पन तू पत्रिका छापून आनलीस. मोठी मान्सा येनार होती. गोदी बोलली, नको, पोराला लाज वाटल."

देवानंद यांना चष्मा पुसावासा वाटला, पण त्यांनी हात खालीच ठेवला.

पंधरा दिवसांवर कार्यक्रम आला होता. पत्रिका वाटून झाल्या होत्या. साहेबांनी शाल स्वतः आणायचं ठरवलं होतं. हरेश गुरुजींनी 'आदर्श विवाहसंस्था: काल, आज आणि उद्या' असं भाषण लिहून काढलं होतं आणि त्याची प्रत देवानंद यांच्या टेबलावर येऊन पडली होती. कार्यक्रम रद्द करावा तर कारण सांगावं लागणार. खोटं कारण नोंदवायचं, हे त्यांच्यानं होणार नव्हतं. उरला एकच मार्ग. त्याच दिवशी, त्याच मांडवात, लग्न लावून टाकायचं.

पुंजाबाबांनी लगेच होकार दिला. त्यांना जेवणात कोंबडी असणार का एवढंच हवं होतं. गोदाबाई मात्र सुपात नागली पाखडत होत्या. कोंडा उडवून झाला, सूप खाली ठेवून झालं, तरी त्या बोलेनात.

"आई, हो म्हण," देवानंद म्हणाले.

"मला कवा कोनी इचारला नव्हता," गोदाबाई म्हणाल्या. "आता इचारतं तं सोचाला पायजे."

"किती दिवस?"

"सोचून झाला का सांगीन."

देवानंद यांनी आयुष्यभर लोकांना 'विचाराधीन आहे' असं सांगितलं होतं. ते ऐकणाऱ्याला कसं वाटतं हे त्यांना पहिल्यांदा कळलं. आठ दिवस गेले. ते रोज खडकावरच्या मोबाइलवर फोन करत आणि रोज कुणीतरी सांगे, आजी सोचतेय. भिंतीतून सगळं ऐकलेल्या गुरुजींनी, ग्रुपवर काही न टाकायचं कबूल करून, सल्ला दिला की नवरीच्या माहेरी मध्यस्थ पाठवावा. नवरीच्या माहेरी आता कुणी हयात नव्हतं. साहेबांनी शालीचा रंग विचारला. देवानंद यांचं वजन दोन किलो उतरलं.

शेवटी त्यांनी नाशिकला फोन केला. ज्या मुलीला वळण लावायला हा सगळा घाट घातला, तिलाच विनंती करायची वेळ आली होती.

"तूच बोल आजीशी," ते म्हणाले.

करिष्मा हसली नाही. हे त्यांनी तिच्या बाजूनं मनात नोंदवून ठेवलं. ती शनिवारी धनेशला घेऊन पाड्यावर आली, आजीशेजारी चुलीजवळ बसली, दोघी बराच वेळ बोलल्या. धनेश अंगणात पुंजाबाबांना काड्या सोलून देत होता. देवानंद आंब्याखाली उभे होते आणि तिथे चांगली रेंज असूनही त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

करिष्मा बाहेर आली. "आजी तयार आहे. पण तिच्या दोन अटी आहेत. लग्न रामीआजीनंच लावायचं, पूर्ण गाणी म्हणून. मधे माइक नाही, भाषण नाही."

"आणि दुसरी?"

"ती मांडवात सांगणार."

"असं कसं? अट आधी कळायला हवी."

"बाबा, तुम्ही आत्ता नवरीकडच्यांशी बोलताय," करिष्मा म्हणाली. "जरा जपून."

कवितानं नवा अर्ज दिला. देवानंद यांनी तो स्वतःच्या वळणदार अक्षरात भरला. वराचं नाव, वधूचं नाव. वराचा पत्ता, बोरीचा पाडा. वधूचा विवाहापूर्वीचा पत्ता, बोरीचा पाडा, तेच घर. विवाहापूर्वीचा दर्जा: अविवाहित. साक्षीदाराचं नाव: देवानंद. साक्षीदाराचं वराशी नातं. इथं त्यांचं पेन थोडं थांबलं. मग त्यांनी 'मुलगा' असं लिहिलं आणि खाली सही केली. कवितानं कागद एकदा वाचला, दोनदा वाचला.

"सगळं पूर्ण आहे, सर," ती म्हणाली. देवानंद यांना दहावीच्या निकालानंतर एवढा आनंद झाला नव्हता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी जव्हार, मोखाडा आणि खोडाळ्याहून माणसं पाड्यावर आली. हातात दोन मोरांची पत्रिका, मनात सत्कार समारंभ. आत बघतात तर आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव, भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक, आणि पाटावर अंगभर हळद लागलेला ऐंशीचा नवरदेव. बायका चौकात शेवटच्या रेघा ओढत होत्या. साहेब शाल हातात धरून दारातच थांबले.

"देवानंद, हा हीरकमहोत्सव ना?"

"होय साहेब," देवानंद म्हणाले. बत्तीस वर्षांत साहेबांना खोटी माहिती दिली नव्हती, ती आता देणार कसे? "संसाराला साठ वर्षं झाली. लग्न आज आहे."

साहेबांनी देवानंद यांच्याकडे बघितलं, पुंजाबाबांकडे बघितलं, आणि ते खाली चटईवर बसले. हरेश गुरुजींनी भाषणाचे कागद खिशात घातले. पण तोंडी थोडंसं बोलावं म्हणून ते उठले, तेव्हा रामीनं गाणं न थांबवता त्यांच्याकडे असं बघितलं की ते जिथं होते तिथं बसले, नेमके हळदीच्या ताटात.

दुपार कलली तेव्हा लग्न लागलं. रामीनं शेवटच्या देवाला निरोप दिला आणि म्हणाली, "झाला." गोदाबाई कोऱ्या लुगड्यात उभ्या राहिल्या. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, आधारकार्डाप्रमाणे चौसष्ट. त्यांनी मांडवभर नजर फिरवली.

"माझी अट राहली," त्या म्हणाल्या. "माझे देवाला पाटावर बसवा. न् चंदाला त्याचे बाजूला."

देवानंद यांनी नवं जाकीट घातलं होतं. साहेबांसमोर, कवितासमोर, सगळ्या कचेरीसमोर ते पाटावर बसले. चंदाबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांना बसायला सांगावं लागलं नाही. गोदाबाईंनी दोन्ही हात हळदीत बुडवले आणि मुलाच्या गालाला, कपाळाला, टकलाला, कानांच्या मागे, मानेला, जाकिटाच्या कॉलरखालपर्यंत हळद लावली. सावकाश, एकही जागा न सोडता. देवानंद यांनी चष्मा काढून धरला होता. त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं आणि तो पुसायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"तुझे लगनात लावाची राहली होती," गोदाबाई म्हणाल्या.

"आई," देवानंद म्हणाले. ते रडले. सगळ्यांसमोर रडले, आणि त्याबद्दल त्यांना अजूनपर्यंत लाज वाटलेली नाही, याचंच त्यांना मोठं आश्चर्य वाटतं.

"आता पक्का झाला," रामीनं जाहीर केलं आणि जेवणं सुरू झाली.

संध्याकाळी नाशिकला निघताना करिष्मा त्यांच्यापाशी आली. धनेश दूर मोटारसायकलजवळ, हेल्मेट हातात घेऊन, ऐकू न आल्यासारखा उभा होता. देवानंद यांची मान अजून पिवळी होती.

"बाबा, आमचं ठरलेलंच आहे," ती म्हणाली. "राहून बघणार."

देवानंद यांनी कॉलरखालची हळद बोटानं चाचपली. आवडलं तर त्यांना अजूनही नव्हतं.

"भाड्याचा करार दोघांच्या नावावर कर," शेवटी ते म्हणाले. "नुसत्या त्याच्या नको. आणि नोंदवून घे. कागद पक्का पाहिजे. आणि एक. तुझं लागेल तेव्हा रामी आहे तोवर लागू दे. आजीला हळद लावायचीय. आता तिला लावता येते."

करिष्मानं मान डोलावली. मग तिनं मोबाइल काढून त्यांना दुपारचा एक फोटो दाखवला.

तो फोटो आता जव्हारच्या घरी देवानंद आणि चंदाबाईंच्या लग्नाच्या अल्बममध्ये, पहिल्याच पानावर चिकटवलेला आहे. पुढच्या पानांवर नवरदेवाला काळेभोर केस आणि बारीक मिशी आहे. पहिल्या पानावर त्याला टक्कल आहे, चष्मा हातात आहे, आणि त्याची आई दोन्ही हातांनी त्याला हळद लावते आहे. अल्बम बघायला येणारे लोक विचारतात की हे पान चुकून पुढे आलंय का. देवानंद सांगतात की नाही, हळद आधीच असते.